बारमाही हॉकी

गिरणीचा भोंगा व्हायच्या आधीच मुरारजी पेठेतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात एकनाथ वाघचवरे सरांची शिट्टी वाजायची. एकदाच, आखूड. दुसऱ्यांदा फुंकायची वेळ त्या घरात कधी आली नव्हती. जुलै महिन्यातल्या त्या साध्यासुध्या मंगळवारीही शिट्टी झाली, तेरा वर्षांची प्रेमला अंथरुणातून उठली, चूळ भरून आली आणि उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधू लागली. चुलीपुढं तिची आई मथुराबाई भाकरी थापत होती. थोरली बहीण विजयमाला खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होती.

कुटता कुटता विजयमालाची नजर धाकटीवर गेली आणि तिचा हात थांबला.

नाड्या बांधून झाल्या होत्या, तरी प्रेमला वाकलेलीच होती. घोट्याच्या वीतभर वर, नडगीच्या आतल्या बाजूला अंगठा रोवून ती दाबत होती आणि तोंडातून आवाज फुटू नये म्हणून ओठ आवळून धरत होती.

ती जागा विजयमालाच्या ओळखीची होती. तिथं अंगठा किती जोरानं रोवला की कळ घटकाभर बधिर होते, हे चार वर्षांपूर्वी तिनं स्वतःच शोधून काढलं होतं.

“प्रेमे, काय होतंय गं पायाला?”

“कुटं काय? मुंगी चावली.”

“बूट घातल्यावर मुंगी चावली व्हय?”

प्रेमलानं अंगणाकडं पाहिलं. तिथं अण्णा, म्हणजे तिचे वडील एकनाथ सर, सायकलच्या साखळीला तेल देत होते. “आक्का, गप की,” ती पुटपुटली. “अण्णा ऐकतील.”

मग स्टिक उचलून ती नेहमीसारखी टणाटण उड्या मारत अंगणात उतरली. पहिली दोन पावलं मात्र तिनं बाहेरच्या कडेवर टाकली होती.

एकनाथ वाघचवरे हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलं पाहिजे. वळसंगच्या एका सालगड्याचा तो मुलगा. शिकायला सोलापुरात आला, रेल्वे वसाहतीतल्या मुलांचा खेळ कुंपणाबाहेरून पाहून बाभळीच्या वाकड्या काठीवर हॉकी शिकला, आणि विसाव्या वर्षी संघाच्या निवडीला गेला तेव्हा निवड करणाऱ्यांनी त्याला एका वाक्यात घरी पाठवलं. ‘उशिरा सुरुवात केलीस आणि भलतेच खेळ खेळत बसलास.’ ते वाक्य त्यांच्या छातीत जे रुतलं ते रुतलंच. पुढं ते कन्याशाळेत व्यायामशिक्षक झाले, लग्न झालं, दोन्ही मुलीच झाल्या. थोरली सात वर्षांची होताच तिला अर्ध्या चड्डीत मैदानावर नेलं, तेव्हा सगळी गल्ली हसली. कोपऱ्यावरचा दुकानदार रावजी तर फळीवरूनच ओरडला, “सर, पोरीला नवरा बगायचाय का पंच?” सरांनी सायकल थांबवून उत्तर दिलं होतं, “रावजी, तुमच्या पोरीला हुंडा द्यावा लागेल. माझ्या पोरीला रेल्वे घरी येऊन नोकरी देईल. माझ्या पोरी कुणाच्या दारात हात जोडणार नाहीत.”

त्या काळात असं बोलणारा बाप विरळा. पण एक दार उघडताना त्यांनी घरातली बाकीची सगळी दारं बंद करून टाकली. खो-खो नाही, गुडघा मुरगळतो. पोहणं नाही, स्नायू ढिले पडतात. पंचमीला गल्लीतल्या पोरी झोके घेत, फुगड्या घालत, आणि वाघचवऱ्यांच्या मुली खिडकीतून बघत. हादग्याच्या फेरातसुद्धा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत करकंबला आजोळी जायचं नाही. उन्हाळा असो, पावसाळा असो, सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दोन तास, त्याच मुरमाड मैदानावर, तेच वाकणं, तीच स्टिक.

विजयमाला सोळाव्या वर्षी जिल्ह्यातली सगळ्यात चपळ मुलगी होती. दिवाळीत तिची नडगी दुखू लागली. डॉक्टरांनी तीन महिने खेळ बंद ठेवायला सांगितलं. अण्णा म्हणाले, “दुखणं मनात असतं. पट्टी बांध.” तिनं बांधली. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, एका सकाळी मैदानावर ती आणि अण्णा दोघंच होते. अण्णांनी चेंडू डावीकडं मारला, ती वळली, आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. अण्णांनी तिला खांद्यावर घातलं. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ते धापा टाकत म्हणाले, “कुणी विचारलं तर सायकलवरून पडले म्हण.”

ती सोळा वर्षांची होती. बापाच्या डोळ्यांत पाणी तिनं पहिल्यांदा पाहिलं होतं. ती म्हणाली, सायकलवरून पडले. डॉक्टरांना तेच सांगितलं, शाळेत तेच, गल्लीत तेच. हाड जुळलं ते वाकडं. एक पाय बोटभर आखूड राहिला. आता ती विसाव्या वर्षी शिक्षिका होण्यासाठी डी.एड. करत होती, आणि घरात त्या सकाळबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

अशात त्या वर्षीच्या मार्चमध्ये भारतानं हॉकीचा विश्वचषक जिंकला. रेडिओभोवती गल्ली जमली, फटाके वाजले, वाघचवरे सरांनी पेढे वाटले. एरवी त्यांना ‘हॉकीवेडे’ म्हणणारे लोक आता त्यांना विचारून बोलू लागले. जूनअखेर देशात आणीबाणी आली, भिंतीभिंतीवर शिस्तीच्या पाट्या रंगल्या, आणि सरांच्या योजनेला शाळेच्या मंडळानं मान डोलावली. योजनेचं नाव ‘बारमाही हॉकी’. बावीस मुली निवडायच्या, आणि पालकांनी छापील कागदावर सही करून द्यायची: ‘माझी मुलगी बाराही महिने हॉकीखेरीज अन्य कोणताही खेळ खेळणार नाही.’ पालकांची सभा त्याच शनिवारी होती.

मंगळवारी दुपारीच विजयमालानं धाकटीला मधल्या सुट्टीत शाळेतून काढलं आणि डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हातारे होते, जुने होते. पायाचा एक्स-रे फोटो उजेडात धरून त्यांनी तो दोनदा फिरवून पाहिला.

“बारीक चीर आहे,” शेवटी ते म्हणाले. “अजून मोडलेलं नाही. एवढ्यात आणलंत म्हणून नशीब. बाळ, हॉकीशिवाय काय काय खेळतेस?”

“काही नाही.”

“कधीच नाही?”

प्रेमलानं आक्काकडं पाहिलं. मग एकदम तिचं तोंड उजळलं. “दोन वर्षांमागं आजी वारली तवा करकंबला तेरा दिवस होतो. तितं खो-खो खेळले. पळतीत होते मी. सात मिनटं कुणाला घावले नाही, डॉक्टर! एकीला बी नाही!”

आपली बहीण खेळाबद्दल बोलताना हसते, हे विजयमालानं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “हे बघा, हाड म्हणजे भिंतीतला खिळा नव्हे, रोज त्याच जागी ठोकायला. वाढतं वय आहे. खेळ बदलला की शरीराचा भार बदलतो, एका जागेला विसावा मिळतो, दुसरी जागा तयार होते. आता तीन महिने मैदान बंद. त्यानंतर खेळू दे, चांगली दणकून खेळू दे, पण सगळं खेळू दे.”

संध्याकाळी अण्णा घरी आले तेव्हा विजयमालानं तो फोटो खिडकीच्या काचेवर धरला. “अण्णा, हितं बघा.”

अण्णांनी पाहिलं. लगेच मान फिरवली. “फोटोत सावल्या असतात. आठ ऑगस्टला संघाची निवड आहे. तोवर पट्टी बांधून हलकं हलकं खेळेल.”

“पट्टी मलाही बांधली होती.”

“तुझं वेगळं. तू सायकलवरून पडलीस.”

हे त्यांनी कुणा परक्याला नाही, तिलाच सांगितलं. त्या सकाळी मैदानावर जी दोनच माणसं होती, त्यातल्या एकानं दुसरीला सांगितलं. विजयमाला त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तिथं लबाडीची रेषसुद्धा नव्हती. चार वर्षं बोलून बोलून त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं. चुलीपुढं मथुराबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपत होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

“आणि शनिवारी,” अण्णा शर्टाची बटणं काढत म्हणाले, “तू व्यासपीठावर बसायचंस. बारमाही खेळलेली पहिली मुलगी. अपघात झाला नसता तर आज रेल्वेत असती, असं मी सांगणार आहे. चार शब्द तूही बोल.”

“बोलते,” विजयमाला म्हणाली.

ती बोलते म्हणाली खरी, पण काय बोलायचं ते पुढचे तीन दिवस ठरेना. बापाची अब्रू ही एक गोष्ट झाली. त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. पोरींनी मैदानावर जाऊच नये म्हणणारी माणसं सोलापुरात काय कमी होती? आपण तोंड उघडलं की रावजीसारख्यांना आयतं कोलीत मिळणार. उद्या बावीसच्या बावीस पोरींना घरात बसवतील, आणि अण्णांनी अंगावर चिखल झेलून मिळवलेलं एवढंसं मैदानही जाईल. पण गप्प बसावं, तर त्या बावीसांत पहिलं नाव प्रेमलाचं होतं. त्या दिवसांत प्रेमला रोज सकाळी पट्टी बांधून जात होती आणि रोज आणखी थोडी बाहेरच्या कडेवर चालत होती.

शनिवारी शाळेचा हॉल भरला. पुढं सतरंज्यांवर बाया, मागं बाकांवर पुरुष. रावजीची मुलगी बावीसांत होती, त्यामुळं नाक मुरडत का होईना तोही आला होता. विश्वचषकानंतर त्यालाही रेल्वेची गाडी दिसू लागली होती. मथुराबाई कधी शाळेत येत नसे. आज ती पदर घेऊन दाराजवळ बसली होती.

सर छान बोलले. खरंच छान बोलले. वळसंगच्या पोराला खरी स्टिक मिळाली नाही, ती आपल्या लेकींना मिळावी, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि कितीतरी बायांनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनी विजयमालाकडं हात केला. “ही माझी थोरली. सायकलचा अपघात झाला नसता तर...”

विजयमाला उठली. टेबलाची कड धरून उभी राहिली.

“मी सायकलवरून पडले नाही,” ती म्हणाली. “मला सायकल येतच नाही. हॉकीच्या पोरीनं सायकल चालवली की मांड्या भरतात, म्हणून अण्णांनी मला ती शिकूच दिली नाही. अजून येत नाही.”

मग तिनं सगळं सांगितलं. दिवाळीतलं दुखणं, पट्टी, जानेवारीतली सकाळ, दवाखान्याच्या पायऱ्या. आवाज चढवला नाही, रडली नाही. शेवटी म्हणाली, “मंगळवारी माझ्या बहिणीच्या पायाचा फोटो काढला. त्याच जागी चीर आहे. तिनं ती लपवली, कारण मीही लपवली होती.”

“मी म्हनत होतोच!” रावजी बाक सरकवून उभा राहिला. “पोरींचा अन् मैदानाचा काय संबंध? माजी पोरगी उद्यापासनं घरात. आन् ज्यांला आक्कल हाय त्यांनी आपल्या बी...”

“रावजीकाका, खाली बसा!”

ही शिट्टी होती. वाघचवऱ्यांच्या थोरलीच्या गळ्यात बापाची शिट्टी आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. रावजी खरंच बसला.

“माझा पाय हॉकीनं मोडला म्हणून तुम्ही पोरींना कोंडणार असाल, तर तुमच्या दारातसुद्धा मी उभी राहीन. मला हॉकी आवडायची. अजून स्वप्नात मी पळते. मला विसावा दिला असता, दुसरे खेळ खेळू दिले असते, दुखतंय म्हटल्यावर कुणी ऐकलं असतं, तर आज मी मैदानावर असते. पोरींना खेळू द्या. पावसाळ्यात खो-खो खेळू द्या, उन्हाळ्यात विहिरीत पोहू द्या, पंचमीला फुगड्या घालू द्या आणि थंडीत जीव तोडून हॉकी खेळू द्या. तेवढ्या एका कागदावर मात्र सही करू नका.”

“विजे,” अण्णा दातांतल्या दातांत म्हणाले, “बस खाली.”

ती बसली नाही.

मागच्या बाकावरून सिदू उठला. गिरणीत कापडाच्या साच्यावर काम करणारा माणूस, त्याची मुलगी गोलात उभी राहायची. हात जोडून तो म्हणाला, “सर, आमी अडाणी मान्सं. तुमी म्हनाल तितं अंगठा देतो. येवडंच सांगा, पोरगी खरं बोलतीया का?”

सरांनी टेबलावरचे कागद गोळा केले, नीट केले, पुन्हा नीट केले.

“खरं बोलतीया.”

दाराजवळून आवाज आला. मथुराबाई उभी होती. “सायकल आमच्या घरात येकच हाय, ती हेंची. च्यार वर्सं मी बी लबाड बोलले. इचारनाऱ्या परत्येकीला सांगितलं, सायकलवरनं पडली. आमच्या करकंबात येका रानात सारकं येकच पीक न्हाय घेत. बेवड लागतो, न्हाय तर रान मरतं. मातीला कळतं ती पोरीच्या हाडाला कळू ने व्हय?”

सभा तिथंच मोडली. पंधरा जणांनी कागद कोरेच घरी नेले. सात जणांनी मात्र सह्या दिल्या. सरांवर त्यांचा विश्वास होता, आणि रेल्वेची नोकरी हा गरिबाच्या घरात काही लहान शब्द नव्हता. मोठ्या बाईंनी ‘मंडळ विचार करील’ म्हणून हॉलला कुलूप लावलं. मंडळानं विचार केला आणि योजना चालू ठेवली.

घरी आल्यावर एकनाथ सर उंबऱ्यातच उभे राहिले. “जिनं भर सभेत बापाला उघडं पाडलं, तिला या घरात जागा नाही.”

विजयमाला काही बोलायच्या आत मथुराबाईनं खुंटीवरची पिशवी काढली. “मग माजं लुगडं बी हिच्याच पिशवीत भरते. आन् प्रेमलाचं बी.”

सर सायकल घेऊन मैदानाकडं गेले. त्या दिवसापासून ते थोरलीशी बोलले नाहीत. प्रेमलाचा पाय प्लास्टरमध्ये गेला. सकाळची शिट्टी बंद झाली. सर तिच्याशिवायच उठून जात आणि सात मुलींना घेऊन खेळवत. आठ ऑगस्टच्या निवडीला ते त्या सातजणींनाच घेऊन गेले. त्यांच्या मनात काय चाललं होतं कुणास ठाऊक. एकदा विजयमाला अध्यापिका विद्यालयातून परतली, तेव्हा पायाचा फोटो कपाटातल्या पाकिटात नव्हता, खिडकीच्या चौकटीत उभा करून ठेवलेला होता. तिनं तो उचलून परत पाकिटात ठेवला.

पण ती थांबली मात्र नाही. सात नावं तिनं वहीच्या पानावर लिहून घेतली आणि विद्यालय सुटल्यावर रोज एकेक घर गाठू लागली. पहिल्या घरी मुलीच्या आईनं दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सही मागं घेतली. पुढच्या घरी दार लावून घेतलं. एका बापानं तिला बसवून चहा दिला आणि विचारलं, “आमच्या पोरीला रेल्वेत नोकरी तू देनार का?” ती म्हणाली, “नाही देऊ शकत. पण मोडल्या पायाला रेल्वेही देत नाही. मला विचारा.” सही मात्र त्यानं मागं घेतली नाही. आणखी तिघांनी पुढच्या दोन आठवड्यांत घेतली, ती रोज तिथं जाऊन उंबऱ्यावर बसली तेव्हा.

सातवं घर वळसंगला होतं. मुलगी सोलापुरात वसतिगृहात राहायची, आईनं सही टपालानं पाठवली होती. वळसंग म्हणजे अण्णांचं गाव. तिथल्या पारावर अजून सांगत, आमच्या सालगड्याचा एकनाथ सोलापुरात पोरींना हॉकी शिकवतो. मथुराबाई म्हणाली, “तितं नको जाऊस. भावकी हाय. तोंडाला येईल ते बोलतील.” विजयमालानं दुपारची एस.टी. धरली.

फाट्यापासून गावापर्यंत ती चालत गेली. पाय दुखला तेव्हा बांधावर बसली, आणि पुन्हा उठली. मुलीच्या आईचं, बजाबाईचं घर विचारत विचारत गाठलं. बजाबाई अंगणात शेंगा फोडत होती. परकी पोर बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

“कोन गं तू?”

“एकनाथ वाघचवऱ्यांची थोरली.”

“आगं बया! आमच्या एकनाथाची?” बजाबाईचं तोंड फुललं. शेजारच्या अंगणातून दोन बाया वळून बघू लागल्या. “माज्या लेकीचं सोनं केलं बग तुज्या बानं. बस की. काय काम काडलंस?”

“तुम्ही सही केलेल्या कागदाबद्दल बोलायचंय. तो मागं घ्या म्हणून सांगायला आलेय.”

बजाबाईच्या तोंडावरचं हसू हळूहळू विरलं. तिनं पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शेजारच्या बाया आता कुंपणापाशी आल्या होत्या, मागून एक म्हातारा काठी टेकत आला होता.

“मंजी सख्ख्या बापाच्या इरोधात बोलायला, बापाच्याच गावात आलीयास व्हय?”

“व्हय,” विजयमाला म्हणाली. “आत येऊ का?”